मोठ्या आईचं वेगळं ताट आणि न टिकणारे अणू

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या आईचा बोन स्कॅन झाला. कमरेचं दुखणं जात नव्हतं म्हणून डॉक्टरांनी सांगितला होता. तपासणी केंद्रात तिला शिरेतून एक इंजेक्शन दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तीनेक तासांनी यंत्राखाली झोपवलं आणि निघताना हातात इंग्रजीत छापलेला एक कागद ठेवला. घरी तो कागद कुणीच नीट वाचला नाही. 'रेडिओॲक्टिव्ह' एवढा एकच शब्द सगळ्यांच्या डोळ्यांत भरला आणि घराचा नूरच पालटला. तिचं ताट-वाटी वेगळं झालं, कपडे वेगळे भिजवले जाऊ लागले. चार वर्षांची नात दाराशी यायची, "आजी, आज तरी?" विचारायची आणि परत जायची. आठव्या दिवशी मी नागपुरात महालातल्या घरी गेलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती. मला म्हणाली, "मी अजूनही किरणं सोडून राहिली का रे?"

उत्तर 'नाही' असंच होतं. पण नुसत्या 'नाही'नं तिचं समाधान झालं नसतं, कारण भीतीसुद्धा एका शब्दानंच घातली होती. त्या दुपारी तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात अणूच्या आकारापासून करावी लागते. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात आणि भोवती इलेक्ट्रॉन. केंद्रक संत्र्याएवढं आहे असं धरून ते झिरो माइलच्या खांबापाशी ठेवलं, तर इलेक्ट्रॉनांचा वावर जवळपास एक किलोमीटरच्या परिघात पसरेल. अख्खा सीताबर्डीचा किल्ला त्या घेरात येईल. जळणं, गंजणं, शिजणं, विरघळणं हे सगळे व्यवहार त्या दूरवरच्या इलेक्ट्रॉनांचे. मधल्या संत्र्याला त्याचा पत्ताही लागत नाही. किरणोत्सार, म्हणजेच त्या कागदावरची रेडिओॲक्टिव्हिटी, मात्र त्या संत्र्याच्या आत घडतो. म्हणूनच युरेनियम तापवा, आम्लात विरघळवा किंवा त्याचा क्षार करा, त्याच्या किरणोत्साराला फरक पडत नाही. १८९६ साली पॅरिसमध्ये हेन्री बेक्वेरेलच्या हाती हा प्रकार लागला तो असाच. आभाळ भरून आलं होतं, ऊन नव्हतं, म्हणून त्यानं युरेनियमचा क्षार आणि काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच खणात ठेवून दिली. ऊन नसतानाही काचेवर डाग उमटला. बाहेरून काहीही न मिळता तो क्षार स्वतःहून काहीतरी सोडत होता.

आता खरा प्रश्न. केंद्रक फुटतं का, हा नंतरचा. आधी हे विचारायला हवं की ते एकत्र राहतंच कसं? प्रोटॉन सगळे धनभारित, एकमेकांना ढकलणारे. त्यांना इतक्या जवळ कोंबल्यावर ते चहूकडे उधळायला हवेत.

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग पाहिला असेल तर हे पटकन कळेल. ढिगाच्या पोटातल्या एका संत्र्याला जास्तीत जास्त बाराच संत्री चिकटू शकतात. ढीग हातगाडीभर असो की ट्रकभर, शेजारी बाराच. केंद्रकातलं ओढीचं बल या शेजाराच्या हिशेबानं चालतं. ते अतिशय जोरकस आहे, पण त्याचा हात फक्त शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो. प्रोटॉन असो वा न्यूट्रॉन, ते दोघांनाही सारखंच धरून ठेवतं. विद्युतभारामुळे होणारी ढकलाढकली त्या मानानं कमजोर, पण तिचा हात लांब. ढिगाच्या या टोकाचा प्रोटॉन त्या टोकाच्या प्रोटॉनलाही ढकलतो.

त्यामुळे केंद्रक मोठं होत जातं तसा हिशेब बिघडत जातो. कॅल्शियममध्ये २० प्रोटॉन असतात, म्हणजे एकमेकांना ढकलणाऱ्या जोड्या १९०. शिशात ८२ प्रोटॉन, जोड्या ३,३२१. प्रोटॉन चौपट झाले, ढकलाढकली मात्र साडेसतरा पट. शेजाऱ्याची मिठी तेवढीच राहिली.

यातून वाट काढतात ते न्यूट्रॉन. ते मिठीत सामील होतात, पण ढकलत कुणालाच नाहीत. म्हणून हलक्या मूलद्रव्यांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन बरोबरीनं असतात (कॅल्शियम-४० मध्ये २० आणि २०; नावापुढचा ४० ही त्यांची बेरीज), आणि पुढे न्यूट्रॉनांचं पारडं जड होत जातं. शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनांना सांभाळायला १२६ न्यूट्रॉन लागतात.

मग न्यूट्रॉन हवे तेवढे का भरू नयेत? हा प्रश्न मोठ्या आईनंच विचारला आणि मला तो फार आवडला. याच्या उत्तरासाठी संत्र्यांचा ढीग सोडून एखादी फ्लॅट स्कीम डोळ्यांपुढे आणावी लागते. दोन विंग आहेत, एक प्रोटॉनांची, एक न्यूट्रॉनांची. दोन्हीकडे खालचे मजले आधी भरतात आणि एका जागेवर दोघांहून जास्त राहू शकत नाहीत. जितका वरचा मजला तितकी जास्त ऊर्जा. न्यूट्रॉनांची विंग दहाव्या मजल्यापर्यंत भरली आणि प्रोटॉनांच्या विंगेत सातव्यावर जागा रिकामी असली, तर दहाव्यावरच्या न्यूट्रॉनाला एक सोय आहे. तो स्वतःच प्रोटॉन होतो आणि सातव्यावर उतरतो. हे होताना एक इलेक्ट्रॉन वेगानं बाहेर फेकला जातो, सोबत अँटिन्यूट्रिनो नावाचा एक विद्युतभार नसलेला इवलासा कण. तो इलेक्ट्रॉन म्हणजेच बीटा किरण. प्रोटॉन जास्त झाले तर उलटा प्रवास होतो. जड केंद्रकांत ढकलाढकलीमुळे प्रोटॉनांच्या विंगेचं जोतंच उंच झालेलं असतं, म्हणून तिथे समतोल साधतो तो न्यूट्रॉनांची संख्या जास्त असताना.

ढीगच फार मोठा झाला तर केंद्रक दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचं घट्ट गाठोडं एकदम बाहेर टाकतं. तो अल्फा कण. एवढं करूनही काही ऊर्जा शिल्लक राहिली तर ती गॅमा किरणांच्या रूपानं निघून जाते. अल्फा कागदानंही अडतो, बीटाला ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो, गॅमासाठी शिशाची जाड भिंत लागते.

म्हणजे किरणोत्सारिता हा पदार्थात मिसळलेला विषाचा अंश वगैरे नव्हे. ज्या केंद्रकाचा हिशेब जुळलेला नाही, ते तो जुळवायला निघालेलं असतं. युरेनियम-२३८ आठ अल्फा आणि सहा बीटा अशा चौदा टप्प्यांनी शिसं-२०६ पर्यंत येतं आणि तिथे थांबतं. वाटेत रेडियम लागतं, रेडॉन वायू लागतो, पोलोनियम लागतं. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम युरेनियमच्याच खनिजात शोधली, कारण ती युरेनियमचीच लेकरं.

शिसं हे टिकाऊ मूलद्रव्यांतलं शेवटचं. त्याच्या पुढचं बिस्मथही टिकाऊच असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याचाही अल्फा पकडला. पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अब्जपटीहून मोठं आहे, त्यामुळे व्यवहारात काही बिघडत नाही.

वर म्हटलं की एका जागेवर दोघं राहतात. ही जोडीची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. प्रोटॉनांची जोडी प्रोटॉनाशी, न्यूट्रॉनांची न्यूट्रॉनाशी, आणि जोडीनं राहिलं की केंद्रक अधिक पक्कं होतं. निसर्गातली टिकाऊ केंद्रकं सुमारे अडीचशे. त्यांतल्या निम्म्याहून जास्त केंद्रकांमध्ये दोन्ही संख्या सम आहेत. दोन्ही विषम असूनही टिकलेली हलकी केंद्रकं फक्त चार : हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. शिवाय एखादा मजलाच पूर्ण भरला तर मजबुती आणखी वाढते. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या त्या संख्या. शास्त्रज्ञ त्यांना जादुई संख्याच म्हणतात. कथलाचा अणुक्रमांक, म्हणजे प्रोटॉनांची संख्या, ५०, आणि त्याची टिकाऊ समस्थानिकं (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त असे प्रकार) दहा, कुठल्याही मूलद्रव्यापेक्षा जास्त. शिसं-२०८ मध्ये तर दोन्ही संख्या जादुई आहेत. या मजल्यांचा उलगडा १९४९ मध्ये मारिया गॉपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी स्वतंत्रपणे केला आणि १९६३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

आता मोठ्या आईच्या इंजेक्शनाकडे येतो. त्यात होतं टेक्नेशियम, अणुक्रमांक ४३.

शिशाच्या इतक्या अलीकडे असूनही टेक्नेशियमचं एकही समस्थानिक टिकाऊ नाही. मेंडेलीव्हच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याची जागा पासष्टहून जास्त वर्षं रिकामी होती. लोक खनिजं उकरून शोधत राहिले आणि हाती काही लागलं नाही. कारण कळायला संगीत खुर्ची आठवावी. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून जी बेरीज येते तिला वस्तुमानांक म्हणतात. विषम वस्तुमानांकाची एकच खुर्ची असते, आणि सगळ्यांत कमी ऊर्जेचं केंद्रक ती पटकावतं. ९५ आणि ९७ च्या खुर्च्या मॉलिब्डेनमनं (अणुक्रमांक ४२) घेतल्या, ९९ आणि १०१ च्या रुथेनियमनं (४४). सम वस्तुमानांक घ्यावा तर ४३ प्रोटॉनांबरोबर न्यूट्रॉनही विषम येतात, दोन्हीकडे एकेक जण जोडीविना उरतो, आणि शेजारी पुन्हा जिंकतात. टेक्नेशियम उभंच राहिलं. शेवटी १९३७ मध्ये कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांना ते सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्रात) मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात सापडलं. १९५२ मध्ये पॉल मेरिलला काही ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियमच्या खुणा दिसल्या. त्याचं सर्वांत चिवट समस्थानिकही काही दशलक्ष वर्षांत ओसरतं आणि ते तारे त्याहून कितीतरी जुने. मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात घडतात याचा तो थेट पुरावा ठरला. जे पृथ्वीवर टिकलं नाही त्यानं ही साक्ष द्यावी, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

इंजेक्शनात असतं टेक्नेशियम-९९एम. 'एम' म्हणजे थोडी जास्तीची ऊर्जा अंगात असलेलं केंद्रक. ते एक गॅमा किरण सोडतं आणि शांत होतं. हाडांत जिथे घडामोड जास्त तिथे हे औषध जास्त जमतं, तिथून जास्त गॅमा येतात आणि कॅमेऱ्यात ती जागा उठून दिसते. त्याचं अर्धायुष्य ६ तास. उरतं ते साधं टेक्नेशियम-९९, ज्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून मोठं. हा आकडा ऐकून मोठ्या आईच्या भुवया वर गेल्या. पण अर्धायुष्य मोठं म्हणजे फुटण्याचा वेग मंद, आणि औषधाचं प्रमाण इतकं सूक्ष्म की त्या मंद फुटण्यातून मोजण्यासारखं काही उरत नाही. 'लाखो वर्षं किरणोत्सारी' हे वाक्य भीती घालायला वापरतात, तेव्हा ही अर्धी बाजू नेहमी गाळलेली असते.

अर्धायुष्य समजवायला चिंचोके काढले. लहानपणी अष्टचंग खेळायला चिंचोके फोडून दगडावर घासून ठेवायचे, तशी एक जुनी डबी तिच्या फडताळात होतीच. १२८ फोडी मोजून फरशीवर टाकल्या. पांढरी बाजू वर आली त्या 'फुटल्या', बाजूला काढायच्या. उरल्या ६१. पुन्हा टाकल्या, ३०. मग १७, मग ८, मग ३. मग एकच उरली, आणि ती एकटी तीन वेळा टाकूनही काळीच पडत राहिली. मोठी आई म्हणाली, "आता पुढच्या खेपेला तर पडलीच पाहिजे ना?"

नाही, आणि मर्म इथेच आहे. त्या फोडीला आपण किती वेळा वाचलो हे ठाऊक नसतं. पुढच्या खेपेलाही तिची शक्यता पहिल्या खेपेइतकीच. माणूस म्हातारा होतो, केंद्रक होत नाही. पृथ्वी जन्मली तेव्हापासूनचा युरेनियमचा अणू आजही तितकाच कोरा. कुठला अणू केव्हा फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण कोट्यवधी अणूंत मिळून निम्मे केव्हा फुटतील हे मात्र चोख सांगता येतं. ६ तासांचं अर्धायुष्य असेल तर २४ तासांत उरतो सोळावा भाग, दोन दिवसांत २५६ वा. आठ दिवसांत बत्तीस वेळा निम्मं होतं, म्हणजे सुमारे ४२९ कोटी भागांतला एक भाग. हा झाला नुसत्या फुटण्याचा हिशेब. बरंचसं औषध तर पहिल्याच दिवशी लघवीवाटे निघून गेलेलं असतं, पाणी पाजतात ते त्यासाठीच.

तिचं वेगळं ताट त्या ४२९ कोटींतल्या एका भागासाठी होतं.

मग मी टोपलीतलं एक संत्रं तिच्या हातात ठेवलं. एका मध्यम संत्र्यात सुमारे २०० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. पोटॅशियमच्या दर साडेआठ हजार अणूंमागे एक पोटॅशियम-४० असतो : १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम, जोडी न जुळलेला. त्यामुळे त्या संत्र्यात दर सेकंदाला सुमारे सहा केंद्रकं फुटत असतात. आपल्या अंगातल्या पोटॅशियममध्ये सेकंदाला चार हजारांहून जास्त फुटतात, ताट वेगळं करणाऱ्यांच्या अंगातसुद्धा. संत्री खाऊन हा आकडा वाढत नाही, कारण शरीर पोटॅशियमची पातळी सांभाळतं, जास्तीचं बाहेर टाकतं.

पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. जोडी जमवायला त्याला दोन वाटा आहेत. शंभरातले सुमारे ८९ अणू कॅल्शियम होतात आणि ११ आरगॉन. आपल्या श्वासातल्या हवेत ०.९३ टक्के आरगॉन असतो आणि तो जवळजवळ सगळा असाच खडकांतल्या पोटॅशियमपासून आलेला आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड म्हणजे दख्खनच्या पठाराची पूर्वेकडची कड. नागपूरच्या पुढे भंडाऱ्याकडे निघालं की कितीतरी जुने खडक लागतात. हा काळा दगड रसरशीत लाव्हा होता तेव्हा त्यातला आरगॉन उडून गेला होता. गोठल्यावर मात्र नव्यानं तयार होणारा आरगॉन आत अडकत राहिला. दगडात तो किती साठला आहे ते मोजलं की दगडाचं वय कळतं. या लाव्हाचं वय येतं सुमारे ६.६ कोटी वर्षं, डायनासोर संपले तो काळ. इतक्या काळात त्यातल्या पोटॅशियम-४० चे जेमतेम साडेतीन टक्के अणू फुटले आहेत. संत्र्यात आणि किल्ल्याखालच्या दगडात एकच घड्याळ चालू आहे.

याचा अर्थ किरणोत्साराशी खेळावं असा कुणी घेऊ नये. ही किरणं पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. थोडं तुटलं तर पेशी सांधते, फार तुटलं तर तिला ते झेपत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एक जुनं यंत्र भंगारात गेलं. आतल्या कोबाल्ट-६० नं भंगारवाले आजारी पडले आणि एक जण दगावला. म्हणून किती आणि किती वेळ, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचे. थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-१३१ मोठ्या मात्रेत देतात. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, तिथे काही दिवस वेगळं राहणं गरजेचंच असतं आणि ते पाळावंच. उलट एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढून आलेल्या माणसाच्या अंगात काहीच उरत नाही. शेकोटीपाशी बसल्यानं ऊब लागते, म्हणून माणूस निखारा होत नाही. पदरात निखारा पडला तर गोष्ट वेगळी, आणि मोठ्या आईच्या पदरात पडला होता तो सहा-सहा तासांनी निम्मा विझणारा.

निघण्यापूर्वी तिनं तो इंग्रजी कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हे मराठीत लिहून दे. दुसऱ्या कुणाच्या घरी असं नको व्हायला." कागदावर जेमतेम चार ओळी होत्या. मी त्या वहीच्या पानावर उतरवल्या आणि पुढच्या आठवड्यात केंद्राच्या काउंटरवर देऊन आलो :

'आज दिवसभर भरपूर पाणी प्या. लघवी तुंबवू नका, नंतर हात स्वच्छ धुवा. आजचा दिवस लहान मुलांना फार वेळ मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईच्या अगदी जवळ बसू नका. ताट, कपडे, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. डॉक्टरांनी तुम्हाला काही वेगळं सांगितलं नसेल तर उद्या सकाळपासून सगळं नेहमीसारखं करा, नातवंडांना जवळ घ्या.'